अकरा पानं आणि भाकरीचा तुकडा

— नाही, म्हणा ना मॅडम, म्हणून टाका. पुस्तकापेक्षा सिनेमा चांगला झालाय. सगळेच म्हणतात, तुम्ही तेवढ्या अडखळलात. बसा, पंखा लावतो. तुमच्या कॉलेजच्या कार्यक्रमाला येईन की नाही ते मागून सांगतो – चहाचं विचारत नाही, घरात दूध नाही. मला काय वाईट वाटायचं त्यात? छत्तीस वर्षं इथं प्रेसमध्ये नोटांचे कागद तपासले मी, चांगला कुठला आणि डागी कुठला, ते लांबून कळतं मला. चांगलाच आहे सिनेमा. लय चांगला हाय – बघा, चिडलो की गावचं बोलणं येतं तोंडात.

गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. मुलगी स्वतःच्या मनानं लग्न करते, मुलगा जातीतला नाही, आठ दिवसांनी त्याला घेऊन दारात येते, आणि बाप दार उघडत नाही. माझ्या पुस्तकात तो दारामागं उभा आहे – अकरा पानं उभा आहे! काय त्याची घालमेल, काय त्याचं बालपण, सगळं आणलंय मी त्यात. त्या अकरा पानांवर बक्षीस मिळालं मला. आणि सिनेमात? सिनेमात तो दार उघडतो. हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. आता लेक-जावई पहिल्यांदा आले की तुकडा ओवाळून टाकायचा, ते काम बाईमाणसाचं, ह्या बापड्याला कुठं माहीत – तो उलटाच ओवाळतो, पाणी स्वतःच्याच पायावर सांडतो. थिएटर आधी हसलं हो. मग सगळीकडून नाकं ओढल्याचे आवाज. एक शब्द नाही त्या सीनमध्ये. माझी अकरा पानं त्या तांब्याभर पाण्यात गेली.

सुचलं कुठून तिला? सुचलं नाही, तिनं विचारलं. आरोही, ती दिग्दर्शिका – आली होती परवानगी मागायला, तुम्ही बसलात तिथंच बसली होती. मी दोन तास पात्रांबद्दल सांगतोय, आणि ही पोरगी उठून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि आमच्या कलाला विचारते, काकू, तेव्हा तुम्ही काय करत होता? मी लिहिलं होतं, आई आत रडत बसली. रडत-बिडत नव्हती कला. तुकडा आणि तांब्या घेऊन माझ्या पाठीशी उभी होती, तासभर. मी वळून बघितलंच नाही, तर लिहिणार काय? – हां. आता कळलंच तुम्हाला. माझंच दार ते. पुस्तकात पुढं छापलंय सगळं काल्पनिक म्हणून, असू द्या.

तेजस्विनी, आमची तेजू, नऊ वर्षं आली नाही. सातपूरला असते, इथून तासाभराच्या वाटेवर. पुस्तक तिनं वाचलेलं नाही, सिनेमा मात्र बघितला. गेल्या महिन्यात रविवारी सकाळी बेल वाजली, गॅसवाला असेल म्हणून मी दार उघडलं, तर ती. एकटीच. केसांत पांढरं दिसायला लागलंय तिच्या. म्हणाली, "बाबा, तो तुकड्याचा शेवट तुम्ही लिहिलात?"

हो म्हणायचं होतं मॅडम. एवढंच होतं. मागं कलानं ऐकलं, ती लगबगीनं आत गेली – भाकरीच्या टोपल्याचं झाकण वाजलेलं ऐकलं मी. पण सहा महिने जो भेटेल तो त्या शेवटाचं कौतुक करत होता, आणि प्रत्येकाला मी सांगत होतो की तो माझा नाही. तोंडाला सवय लागली होती. की सवय नव्हे, जळत होतो – जळतच होतो, खोटं कशाला बोलू. म्हणालो, "नाही. तो त्या पोरीचा. माझ्या पुस्तकात दार बंदच राहतं." आणि वर – हे ऐका – वर सांगितलं, साहित्य म्हणून तेच बरोबर आहे.

एक चप्पल काढली होती तिनं. ती परत घातली. ती जिना उतरायला लागली तेव्हा कला बाहेर आली, हातात तुकडा, तांब्या. मला म्हणाली, "सरका." चाळीस वर्षांत कधी अशी बोलली नव्हती. खाली गेली, गेटपाशी लेकीला उभं केलं, तुकडा ओवाळून टाकला, आणि तिच्याच रिक्षात बसून गेली. मी इथून, गॅलरीतून बघत होतो. खाली उतरलो नाही. नंतर फोन केला तर उचलते, बीपीची गोळी घेतली का विचारते, आणि ठेवून देते.

विषय काय म्हणालात कार्यक्रमाचा – पुस्तक सरस की सिनेमा? मग मी कशाला, कलाला बोलवा. तिला ठाऊक आहे सगळं. पत्ता लिहून घ्या, सातपूरला... सातपूरला कुठं, ते मला कुणी सांगितलेलं नाही. नऊ वर्षांत मीही विचारलं नाही.

निघा तुम्ही आता. दार ओढून घ्या जाताना. जोर लावा, फुगलंय ते.