पूजेला ठेवलेली वही

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आज निवृत्त होणारे आमचे विभागप्रमुख डॉ. सुधीर आठल्ये सर आणि सभागृहातील बंधुभगिनींनो,

मी हरिहर, प्रयोगशाळा सहायक. मुरबाडकडच्या खेड्यातल्या शाळेत शिकलो. भाषणाची सवय नाही.

आत्ताच पाहुणे म्हणाले, जंताच्या पेशीतलं ते प्रथिन सरांनी शोधलं. ते काय असतं, हे मला सुमेधा टिपणीस बाईंनी समजावलं होतं. त्या इथे सरांच्या हाताखाली संशोधन करायच्या. डुकरांच्या आतड्यांतले जंत मी थर्मासमध्ये, कोमट मिठाच्या पाण्यात आणायचो. आमची मंडळी म्हणायची, "तो थर्मास घरात आणलात तर बघा!" बाई म्हणाल्या, "हरिहर, पत्राच्या माथ्यावर आपण 'श्री' लिहितो ना? जंताच्या पेशीत कितीतरी निरोपांच्या माथ्यावर आरएनएचा एकच छोटा तुकडा जोडला जातो. त्याला धरणारं प्रथिन मी शोधतेय." सहा वर्षांनी एक्स-रेच्या फिल्मवर त्या प्रथिनाची खूण, एक काळी रेघ, उमटली. जेलच्या थरातून मोकळा तुकडा पुढे पळाला होता, प्रथिनाने धरलेला मागे अडकला होता. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी. साल ब्याण्णव. यंत्रांबरोबर वह्याही पूजेला मांडायची रीत इथे मीच पाडलेली. बाई म्हणाल्या, "माझी वही आजच द्या, लेख लिहायला घ्यायचाय."

"बाई, पूजेतलं उद्यापर्यंत हलवायचं नाही."

त्यांनी माझा मान राखला. संध्याकाळी सरांनी ती वही उचलून आपल्या कपाटात ठेवली.

"सर, पूजेतली आहे..."

"अरे, देव माझ्यावर नाही रागवायचा."

लेख सरांच्या एकट्याच्या नावाने छापून आला. बाईंचं नाव शेवटी, आभारांत, माझ्या नावाशेजारी. बाईंनी तक्रार केली, पण पुरावा त्या वहीतच होता. चौकशी समितीने मला विचारलं, वही कुठे गेली? मी म्हणालो, ठाऊक नाही. माझी नोकरी कायम व्हायची होती. झाली. बाई आता कल्याणला शाळेत शिकवतात. मी बोलावलं म्हणून आज मागच्या रांगेत बसल्या आहेत.

पूजा मी रोज करतो. ती कुठे पोचते, हे विचारायचं मी सोडून दिलंय.

अध्यक्ष महाराज, समितीला तेव्हा द्यायचं राहिलेलं उत्तर आज देतो. वही सरांनी नेली. मी पाहिलं. शोध बाईंचा आहे. लेखी हवं असेल तर सहीनिशी देतो.

सर, तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो. सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर सभेने पोटात घालावं. बाईंनी घालावं, असं म्हणायची माझी हिंमत नाही.