खंडोबाचा चढ

निजामी जाऊन फार दिवस झाले नव्हते. सेलूच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलेल्या कमलबाईच्या कानावर शेजारच्या बापलेकीचं बोलणं पडलं. लेक औरंगाबादला कॉलेजात निघाली होती.

"काय पाठ करायलीस, बाई?"

"स्टीपन. इंग्रजी क्रियापद हाय, आबा."

"मतलब काय त्याचा?"

"चढ आणखी उभा होत जाणं. घाटाचा रस्ता माथ्याजवळ कसा होतो, तसं."

"आन् चढ तोच असून उभा झाला, तर चालतंय का ह्यो शब्द?"

"असा कुठला चढ?"

"आपल्या खंडोबाचा. तुझी माय संगं व्हती, तवा येवढा नव्हता."

लेकीनं हातातली वही मिटली.

"चालतंय, आबा. दिवाळीला आले की दोघं मिळून चढूत."

"ये. तवर मी पायथ्यावरूनच हात जोडीन."