दादाने आणलेला चाकू

दवाखान्यातल्या बाकावर माझ्याशेजारी एक भाऊ-बहीण बसले होते. आत त्यांच्या वडिलांच्या बोटाला टाके घालत होते.

"कलम करताना चाकू बोटावरच मिटला."

"स्वस्तातला आणलास ना, दादा."

"दुकानदाराने खटकन उघडून दाखवला. मी भुललो."

"बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले, पातं लटपटतंय."

"मला नाही बोलले. मग वापरला कशाला?"

"तू आणलास म्हणून."

तेवढ्यात पट्टी बांधलेलं बोट वर धरून वडील बाहेर आले.

"काय म्हणाले डॉक्टर, बाबा?"

"दोनच टाके. चाकूला धार असती तर बोट गेलं असतं म्हणाले. काय गं, तुला म्हटलं नव्हतं, दादाने चाकू चांगला आणलाय म्हणून?"

"हो बाबा. म्हणाला होतात."