तिसऱ्या टेबलावरची पहिली जागा

लतिका : ...म्हणून माझ्या गाइड मॅडम म्हणतात, सोड हा माणूस. पाच वर्षं मयूर विहार ते युनिव्हर्सिटी फुकट घासली, बाबा!

श्यामकांत : पण त्याला नोकरीवरून काढलं, हे कशावरून?

लतिका : कागदांवरून. योहान लोट्स, जर्मनीतल्या एका ड्यूकचा सचिव. दरबारात कोण कुठल्या टेबलावर जेवणार, याची दर वर्षी यादी निघायची. त्यावरून हुद्दा कळतो. हा बावीस वर्षं तिसऱ्या टेबलावर पहिला. सोळाशे एकाहत्तरपासून नावच नाही. पुढचं काही सापडलं नाही, तर थीसिस लंगडा. महिनाअखेर ठरवायचंय.

श्यामकांत : त्याच्या जागी कोण बसलं?

लतिका : कोणी नाही. एक नंबरासमोर कोरंच आहे. कारकुनाची चूक. टाइप करताना मी ती ओळ काढून बाकीचे वर सरकवले.

श्यामकांत : सरकवलेस? सेक्शन ऑफिसरची मुलगी ना तू! किती वर्षं कोरं?

लतिका : चार. नंतरच्या याद्या आगीत गेल्या.

श्यामकांत : चार वर्षं तीच चूक? अगं, हाकललेल्याची खुर्ची आठवडाभर रिकामी राहत नाही, मागचे टपलेलेच असतात. मी शिलाँगला होतो तेव्हा इथली माझी जागा अशीच राखून ठेवलेली. तुझा लोट्स डेप्युटेशनवर गेलाय.

लतिका : यार बाबा, ते काय तुमचं दिल्लीतलं मंत्रालय आहे?

श्यामकांत : माणसं तीच. त्या साली तिथे काय झालं?

लतिका : काही नाही. ड्यूकच्या मुलीचं लग्न झालं, शेजारच्या दरबारात... अरे देवा.

श्यामकांत : अच्छा! मग लेकीबरोबर भरवशाचा माणूस नको द्यायला? लिही तिकडे.

लतिका : तिथल्या आर्काइव्हला लिहिते. पण नसला तर?

श्यामकांत : तर महिनाअखेर सोड. आज नको.

(बारा दिवसांनी.)

लतिका : बाबा, सापडला! तिकडच्या यादीत आहे, दुसऱ्या टेबलावर!

श्यामकांत : बढतीवर गेला की पठ्ठ्या! मॅडम?

लतिका : म्हणाल्या, आता हाच थीसिस. आणि त्याचं बायकोला लिहिलेलं पत्रही पाठवलंय तिकडच्या आर्काइव्हनं. विचारतो, धाकटी चालायला लागली का?

श्यामकांत : ...शिलाँगहून मीही तुझ्या आईला हेच विचारायचो. काय उत्तर आलं त्याला?

लतिका : ते अजून शोधायचंय.

श्यामकांत : शोध बाळा. वाट बघत असेल तो.