रेघेपर्यंत गोडं पाणी

न्हाय ताई, कोपऱ्यातली ती टाकी विकायची न्हाय. तुम्ही गोड्या पाण्याचं घ्या ना – पोरगी सहा वर्षांची बोलता, तिला गप्पी मासे बस झाले. नळाचं पाणी एक दिवस भरून ठेवायचं, आठवड्याला थोडं बदलायचं, चुकलं-माकलं तर गोड्या पाण्यातला मासा सांभाळून घेतो. खाऱ्यातला न्हाय घेत. तिथं मीठ मापायचं, गरमी बघायची, लाइट गेली की जीव टांगणीला – आणि आपल्याकडं लाइट जाते. रंग? रंग भारीच हाय, न्हाय कोण बोलतो. माझी रुचिका पण रंगालाच भुलली. माझी मुलगी – हे दुकान तिचं, मी तेव्हा नुसता शटर उघडायला यायचो. त्याच टाकीत नारिंगी जोडी पाळलेली, पांढऱ्या पट्ट्यांची. तिनं काचेला बोट लावलं की दोघं धावत यायची.

मग तिला ठाण्याला ॲडमिट केली – किडनी. जाताना टाकीवर नेलपॉलिशनं रेघ मारली, बोलली, "बाबा, पाणी कमी झालं की रेघेपर्यंत गोडं पाणी टाका. गोडंच." आता मी कोण, बापासोबत खाडीत जाळी टाकलेला माणूस – मला पोर शिकवणार? दर्याच्या माशाला गोडं पाणी कशाला? मी रोज तिच्याच पिशवीतलं टाकीचं मीठ पाण्यात कालवून ओतलं. प्रेमानं ओतलं हो. तिकडं डॉक्टरांनी तिचं मीठ बंद केलेलं, आणि इकडं मी मीठ ओततोय. पाणी उडतं ताई, मीठ न्हाय उडत – हे मला कुठं ठाऊक? तिला होतं, म्हणून तर सांगितलेलं. पंधरा दिवसांत दोघं आडवे.

फोनवर रोज विचारायची, जेवतात का? मी बोलायचो, जेवतात. सगळं पाणी बदललं, कुर्ल्यावरून तशीच जोडी आणून सोडली. डॉक्टरांनी तिला घरी सोडल्यावर पहिली इथं आली, खुर्ची टाकून बसली, काचेला बोट लावलं. एक पण आला न्हाय. लय वेळ बोट तसंच. मग बोलली, "विसरले असतील, बाबा." माझ्याकडं बघितलं पण न्हाय. तेव्हा तरी सांगायला पाहिजे होतं ना मी? पाहिजे होतं. वीस दिवसांनी गेली ती.

हां, टाकीत हाय ती तीच जोडी, कुर्ल्याची. आता माझ्या बोटाला येतात, दोघं पण.

धरा ही पिशवी, सहा गप्पी हायत. जा ताई, पोरगी वाट बघत असंल.