साडूच्या फ्रिजचे तारे

...आणि वर मलाच विचारतात, तुमचा फ्रिज किती ताऱ्यांचा? अहो, फ्रिज आहे तो, आकाश आहे का? पाणी गार होतं, दूध टिकतं, दार लागतं, म्हणजे आपण होऊन नाही लागत, खालून पायानं जरा ढकलावं लागतं, पण लागतं! आता सरकारनं ठरवलं की प्रत्येक फ्रिजच्या कपाळावर एक कागद चिकटवायचा आणि त्यावर तारे छापायचे, जो वीज कमी खाईल त्याला जास्त, जो जास्त खाईल त्याला कमी. उत्तम आहे, वीज वाचलीच पाहिजे, माझा काही विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच, की हे तारे नेमके माझ्या साडूच्याच घरी का उगवावेत? मी जळत नाही हं. मी आपलं विचारतो.

तुम्हाला सांगतो, हा माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, उर्मट असता ना तर फार बरं झालं असतं, मनसोक्त नावं तरी ठेवली असती. पण नाही. खोलीतून उठला की दिवा बंद करणार, दुसऱ्याच्या खोलीतलासुद्धा. बोलणार हळू. मला 'दादा' म्हणणार. अशा माणसाचं करायचं काय?

आणि आमचे सासरे म्हणजे जन्मभर वीज कंपनीत मीटर वाचत घरोघर हिंडलेले. निवृत्त झाले, पण डोळा काही निवृत्त झाला नाही. आमच्याकडे आले की आधी जिन्याखाली मीटरपाशी थांबणार, मान वर करून बघणार, 'हं' म्हणणार, आणि मग वर येऊन लेकीला विचारणार, बरी आहेस ना. आमची मुलगी झाली तेव्हा बघायला आले, पाळण्यात वाकले, आणि काय म्हणाले असतील? 'जावईबापू, मीटर पळतंय.' अहो, नात कोणावर गेलीय ते तरी सांगा आधी! आणि साडूकडून आले की चेहऱ्यावर असं समाधान... 'धाकट्यांचं मीटर बघावं. फिरतंय की नाही कळत नाही.' त्यातून यंदा त्यानं नवा फ्रिज घेतला, चार ताऱ्यांचा. झालं. महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नाही.

एरवी मी कानाआड केलं असतं. पण सासूबाई गेल्यापासून सासरे एकटे, गुडघे कुरकुरायला लागलेले, तेव्हा ठरलं की त्यांनी आता दोन लेकींपैकी एकीकडे कायमचं राहायला यायचं. कोणाकडे? सगळे गृहीतच धरून चाललेले... धाकट्यांकडे, आणखी कुठे! बायकोनं मात्र मागची खोली रिकामी केली, खिडकी पुसली, चादर घातली, आणि दोनदा उगीचच जाऊन बघून आली. तिला वडील हवे होते. आणि मला ते त्याच्याकडे जायला नको होते. दोन्हींत फरक आहे, मला कळतो. पण मी जळत नव्हतो हं.

मग गेलो दुकानात. म्हटलं, पाच तारे दाखवा. दुकानदार म्हणाला, 'साहेब, किती लिटरचा?' म्हटलं लिटर गेले खड्ड्यात, तारे मोजा. त्यानं कोपऱ्यातला एक काढला, पुसला, म्हणाला, 'हा घ्या, एकच उरलाय, तुमच्यासाठीच थांबला होता.' मला भरून आलं हो. आजवर माझ्यासाठी कोण थांबलंय?

घरी आणला. स्वयंपाकघरात ठेवणार होतो, पण तिथून तारे दिसेनात, म्हणून बाहेरच्या खोलीत आणला, दारासमोर, खिडकीला लागून, म्हणजे उन्हात कसे लख्ख दिसतील! आणि जुना? जुना टाकणार होतो, पण बायको म्हणाली, 'अहो, चांगला चालतोय, पाण्याच्या बाटल्या ठेवू त्यात.' म्हटलं ठेवू. म्हणजे तुमच्या लक्षात येतंय का... वीज वाचवायला नवा घेतला आणि जुनाही चालूच ठेवला. माझ्या नाही आलं. शपथ घेऊन सांगतो, नाही आलं लक्षात. मी त्या पाच ताऱ्यांकडे बघत बसलो होतो.

रविवारी सासरे आले, काय ते सांगायला. बरोबर साडू, हात धरून जिना चढवत. अर्थातच. खाली मीटरपाशी थांबले, 'हं' म्हणाले, पण नेहमीपेक्षा लांब 'हं'. वर आले. मी दारातच बाजूला सरलो, म्हणजे फ्रिज दिसावा. सासरे बघतायत. साडू जवळ गेला, वाकला, त्या कागदावरचं बारीक अक्षर वाचलं आणि हळूच मागे सरला. म्हटलं, काय झालं? तर म्हणतो, 'काही नाही दादा, छान आहे.' म्हटलं, बोला. मग तो इतक्या हळू बोलला की सगळ्यांना ऐकू आलं, 'हे गेल्या वर्षाचे पाच आहेत. यंदा सरकारनं माप कडक केलं. नव्या मापानं हा तीनचा होईल.'

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. दिवसभर लोकांना तळाची ओळ वाचायला लावतो. जाऊ द्या.

पण मला सांगा, हा काय न्याय झाला? फ्रिज तोच, गारवा तोच, आणि तारे बसल्या जागी गळाले? का, तर दुसरे जास्त चांगले निघाले म्हणून! आणि तेव्हा, तुम्हाला सांगतो, मला त्या फ्रिजची कीव आली. कारण मीसुद्धा पाच ताऱ्यांचाच होतो हो. थोरला जावई. पहिली दोन वर्षं एकटाच. मी आलो की सासरे उठून उभे राहायचे, पाट माझा, पंखा माझ्याकडे. मी काही बिघडलो नाही. धाकटा आला आणि माप बदललं. वाईट वाटलं मला. खरंच वाटलं.

सासरे उठले. फ्रिजच्या दारात वर्तमानपत्राचा कागद धरून दार घट्ट बसतं का ते बघितलं, मागे हात घालून भिंतीला किती चिकटलाय ते बघितलं, उन्हाकडे बघितलं, स्वयंपाकघरात गेले, तिथला दुसरा फ्रिज घुरघुरत होता, त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. बायकोनं डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं, संपलं.

बाहेर येऊन सासरे म्हणाले, 'माझं ठरलं. मी इथंच राहणार.'

कोणाला काही कळेना. म्हणाले, 'धाकट्यांकडे सगळं ठाकठीक. तिथं मी करू काय, नुसता बसून राहू? इथं मला जन्मभर पुरेल एवढं काम आहे.'

म्हणजे मी जिंकलो! साडूवर जिंकलो! बायको हसतेय, रडतेय, मागच्या खोलीत धावतेय. साडूनं माझा हात दोन्ही हातांत धरला, म्हणाला, 'नशीबवान आहात, दादा.' आणि जिना उतरला तो... दोन दोन पायऱ्या टाकत. तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

आता आमच्याकडे जुना फ्रिज नाही. नवा स्वयंपाकघरात, भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे त्याला हवा मिळते; आम्हाला नाही, कारण पंखा सासऱ्यांनी बंद ठेवलाय. दार उघडायचं ते काय काढायचंय हे आधी तोंडानं सांगून. परवा साडूकडे गेलो, तर सगळ्या खोल्यांत दिवे, टीव्ही चालू, बघायला कोणी नाही, आणि हा पठ्ठ्या फ्रिजचं दार सताड उघडं टाकून समोर उभा, काय खावं याचा विचार करत. निवांत. आणि खाली मीटर, मी स्वतः बघितलं, असं पळत होतं! मी जळत नाही... नाही, जळतो. जळतो हो मी, आता काय लपवायचं.

तसाच घरी आलो आणि बूटसुद्धा न काढता सासऱ्यांना सांगितलं, धाकट्यांचं मीटर पळतंय. म्हटलं, आता तरी तिकडे लक्ष जाईल.

तर म्हणाले, 'पळू दे. आजवर फार जपून राहिले बिचारे, जरा मोकळं राहू दे त्यांना. तुम्ही आधी तो दिवा बंद करा बघू, बोलायला उजेड कशाला लागतो?'

केला बंद.