सायलेन्सरच्या बाजूचा डबा

(जे. पी. नगर. घराचा पोर्टिको. कव्हर घातलेली एक मोटरसायकल. खाली फरशीवर तिचे अ‍ॅल्युमिनियमचे दोन साइड बॉक्स.)

जयतीर्थ : सरी, ठरलं. विकले. दोन्ही डबे आजपासून तुझे.

विमला : असं काहीही झालेलं नाही.

ऋतुराज : अक्का, आत्ताच झालं ना. माझा हात अजून अण्णांच्या हातात आहे.

विमला : तो सोड. सोडलास? आता पहिल्यापासून. नमस्कार. आपण कोण?

ऋतुराज : मी... ऋतुराज. नागपूरचा. कोरमंगलाला राहतो, आयटीत आहे. अण्णांनी ऑनलाइन जाहिरात टाकली होती, जुने साइड बॉक्स विकायचे म्हणून. माझीही गाडी हीच, सेम मॉडेल.

विमला : छान. चहा घ्या आणि नवे डबे घ्या. चहा इथे, डबे दुकानात.

ऋतुराज : नवे घ्यायचे तर गाडी विकावी लागते ना अक्का. मग डबे हातात धरून फिरू का? त्यापेक्षा हे बरे. पोचे काढीन, रबर बदलीन, रंग मारीन. पीण्या इंडस्ट्रियल एरियात एक जण करून देतो म्हणाला.

जयतीर्थ : हिचं मनावर घेऊ नको रे. आयुष्यभर सरकारी ऑफिसात होती. आलेल्या माणसाला परत पाठवल्याशिवाय हिला चैन पडत नाही.

विमला : तुम्ही का विकताय ते सांगा त्याला.

जयतीर्थ : वय झालं.

विमला : पडलात ते सांगा.

ऋतुराज : अ‍ॅक्सिडेंट? हा पोचा त्याचाच का?

जयतीर्थ : अय्यो, स्वल्प पडलो. थोडंसंच.

विमला : गाडी उभी होती.

ऋतुराज : सिग्नलला?

विमला : इथे. पोर्टिकोत. इंजिन बंद, साइड स्टँडवर. हे वर बसून आरशात केस बघत होते.

जयतीर्थ : स्टँडखालची फरशी हलत होती.

विमला : फरशी बदलली. मग म्हणाले, गुडघा. डॉक्टर म्हणाले, गुडघा ठणठणीत, खुशाल चालवा. मग दुसरे डॉक्टर. तेही तेच म्हणाले. बरं असल्याचं ऐकून इतका खचलेला पेशंट त्यांनी पाहिला नव्हता. उन्हाळ्यापासून गाडीवर कव्हर आहे. आज डबे विकतील, मग गाडी विकतील. मग दिवसभर गेटपाशी उभं राहून समोरच्यांना कार मागे घ्यायला शिकवतील.

जयतीर्थ : त्यांना येत नाही मागे घेता.

ऋतुराज : अक्का, तुम्ही पण जायच्या का मागे बसून?

विमला : मडिकेरी. हंपी. गोकर्ण. डावा डबा माझा, उजवा यांचा. उजवीकडे सायलेन्सर, म्हणून तो मुळातच छोटा, आणि आतलं सगळं गरम. यांचे बनियन गावाला पोचेपर्यंत इस्त्री होऊन यायचे.

ऋतुराज : डावा उघडून बघू? ...बाप्पा! हे काय आहे?

विमला : सांडगे.

ऋतुराज : अण्णा, जाहिरातीत तुम्ही लिहिलं होतं, डबे फक्त प्रवासाला वापरलेत.

जयतीर्थ : सांडगे गच्चीवरून खाली आले. तो काय प्रवास नाही?

ऋतुराज : पण याचं रबर तर नवं दिसून राहिलं.

विमला : कुकरची रिंग. कापून चिकटवली. जुनं रबर गेलं होतं, सांडगे सादळायला लागले.

जयतीर्थ : थांब, थांब. कुलूपही नवं आहे. सांडग्यांना कुलूप कशाला गं?

विमला : चोऱ्या वाढल्यात.

जयतीर्थ : आणि आतून पोचा काढलाय.

विमला : सांडग्यांना टोचत होता.

जयतीर्थ : विमला. तू हा डबा दुरुस्त करत होतीस. मला न सांगता.

विमला : सांगितलं असतं तर तुम्ही तिसरा डॉक्टर शोधला असता.

जयतीर्थ : मला भीती वाटते गं. उभ्या गाडीवरून पडलो मी. तू मागे असतीस तर?

विमला : मी मागे असते तर केस बघू दिले नसते.

ऋतुराज : मी एक बोलू का? डावा तयारच आहे, तो तुम्ही ठेवा. उजवा मला द्या, मी नीट करून घेतो.

जयतीर्थ : एकाच बाजूला डबा? गाडी कलेल रे.

विमला : कलू दे. तुम्ही तसेही उजवीकडे कलूनच चालवता.

ऋतुराज : बघा ना अण्णा, तुमच्याकडे डावा, माझ्याकडे उजवा. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी चालवल्या की एक पूर्ण मोटरसायकल होते.

जयतीर्थ : आणि मध्ये ट्रक आला तर?

ऋतुराज : तर तो पण आपल्यातच धरायचा.

जयतीर्थ : ...मी हळू चालवीन हां. अगदी हळू. आणि लांब नाही. बिडदीपर्यंत. ती ताटलीएवढी तट्टे इडली खायची, परत यायचं.

ऋतुराज : रविवारी सकाळी येतो मी.

जयतीर्थ : सरी. ते कव्हरचं टोक धर जरा. नको, सोड. मीच काढतो.

विमला : फोन काढ ऋतुराज, लिहून घे. प्रति, वाहतूक खाते. विषय, दोन मोटरसायकली एक समजण्याबाबत. महोदय, येत्या रविवारी सकाळी बिडदीच्या रस्त्याने दोन मोटरसायकली जोडीने जातील. पैकी एक बऱ्याच दिवसांनी घराबाहेर पडत आहे. सबब, दोन्ही मिळून एकच वाहन धरण्यात यावे, आणि ते सुखरूप घरी परत येईपर्यंत शहरातील बाकी सर्व वाहतूक आहे त्या जागी थांबवून ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती.